एका दिवसाचा पहिला नंबर

बोईसर,
मार्चचा शेवटचा आठवडा

तीर्थरूप आनंदीमावशीस,

दीपालीचा नमस्कार. वाकून केलाय असं समज. खरं म्हणजे मी रिक्षाच्या मागच्या सीटवर पाय वर घेऊन बसलेय, मांडीवर वैष्णवीच्या जुन्या वहीतले कागद आहेत आणि डोक्याला रिक्षाचं छत टेकतंय, त्यामुळे जेवढं वाकता आलं तेवढी वाकले. तुझे गुडघे कसे आहेत? आत्मारामकाकांचा खोकला गेला का, की अजूनही पहाटे अख्ख्या माकुणसारला तेच उठवतात? पानवेलींना पाणी पुरतंय ना? आम्ही इकडे सगळे मजेत. सासूबाईंची तब्येत उत्तम (त्यांची कधी बिघडलेली मी पाहिली नाही, त्यांच्या आसपासच्यांची बिघडते). आमचे हे बरे आहेत, घरीच असतात. वैष्णवी एफवायला आहे, अभ्यास करते, उंचीने माझ्या पुढे गेली आणि अकलेने बापाच्या, असं मी समजत होते. त्याबद्दल पुढे लिहितेच.

परवा तू फोनवर म्हणालीस, "पेपरात फोटो आला तुझा, मोठी झालीस गो, आता मावशीला कशाला ओळखशील!" मावशी, तो फोटो जरा उजेडात धरून बघ. त्यात शाल धरून उभे असलेले पुरुष आहेत आणि शालीच्या वर जे दिसतंय ते माझं कपाळ. खाली सगळ्या पुरुषांची नावं हुद्द्यांसकट छापलीत आणि शेवटी "व महिला रिक्षाचालक". तू मला नुसत्या टिकलीवरून ओळखलंस, हे तुझं प्रेम. तू असंही विचारलंस की हे रिक्षाचं खूळ माझ्या डोक्यात भरवलं कोणी. ते फोनवर सांगता आलं नाही, कारण तू फोन स्पीकरवर ठेवतेस आणि आमच्या दोन खोल्यांत भिंती कमी आणि कान जास्त. म्हणून लिहितेय. वेळ पुष्कळ आहे. माझ्या रिक्षात जोवर कोणी बसत नाही तोवरचा सगळा वेळ माझाच.

तर खूळ मुळात यांचं. यांची कंपनी बंद पडली ते तुला माहीत आहे (एमआयडीसीत एखादी कंपनी बंद पडली की शेजारची जरा जास्त वास सोडते, बाहेरच्या माणसाला तेवढाच फरक कळतो). दुसरीकडे कुठे लागेना, तेव्हा कोणीतरी यांना सांगितलं की बायकांच्या कोट्यात रिक्षाचं परमिट लवकर मिळतं. लगेच यांचा बेत ठरला: परमिट दीपालीच्या नावावर, चालवणार कमलेश. बायकोला स्वतःचं नाव आहे हे आपल्याकडे अशाच वेळी आठवतं. पण परमिट माझ्या नावावर म्हटल्यावर लायसन माझं हवं, बॅज माझा हवा, म्हणजे मला चालवता यायला हवं. मग यांनीच मला घिवलीच्या मोकळ्या रस्त्यावर शिकवलं, रोज ओरडून. परीक्षेला साहेबांनी आठाचा आकडा काढायला लावला. मी काढला. ते म्हणाले, परत काढा, एखाद्या वेळी चुकून निघतो. मी परत काढला. त्यांनी सही केली, पण चेहरा असा केला की जणू मी आठ नव्हे, त्यांचा दातच काढला.

आणि मग रिक्षा आली. अबोली रंगाची. बायकांच्या रिक्षांना हाच रंग ठरलेला आहे, आणि ज्याने कोणी ठरवला त्याने नावाचा विचार करूनच ठरवला असणार: चालवा, पण बोलू नका. कायद्याने ती बाईनेच चालवायची असते, पण कायद्याला आमच्या यांनी विचारलं नव्हतं. पहिल्या सकाळी केस विंचरून, देवाला हात जोडून हे निघाले. नवापूर नाक्यावर कोणा पोराने हाक मारली, "काय वहिनी, कुठं निघालात?" हे जेवायला घरी आले ते पुन्हा रिक्षाकडे फिरकलेच नाहीत. तो रंग अंगाला लागतो असं त्यांना वाटलं असावं. चावी दाराजवळच्या खिळ्याला लटकत राहिली, रिक्षा खाली धूळ खात. शेवटी मी ती चावी काढून घेतली, कारण कोणीतरी घ्यायला हवी होती. बस, एवढंच माझं खूळ. आता हे गावभर सांगतात की मी बायकोला मोकळीक दिली.

रिक्षा रस्त्यावर आली आणि माझे सत्कार सुरू झाले. पतपेढीने केला, गणेश मंडळाने केला, ज्येष्ठ नागरिकांनी केला, एका व्यायामशाळेच्या उद्घाटनातही केला (तिथे बायकांना प्रवेश नाही, पण सत्कार दाराबाहेर मांडव घालून झाला). प्रत्येक वेळी शाल, नारळ आणि एक काचेची वस्तू. आपल्याकडे नारळ झाडाखाली पडून असतात ते उचलायला माणूस मिळत नाही, आणि मी भर धंद्याच्या वेळेला रिक्षा बंद करून नारळ घ्यायला जातेय. शाली सासूबाई लग्नांत देऊन टाकतात. प्रत्येक ठिकाणी मला "पहिल्या महिला रिक्षाचालक" म्हणतात. पहिली मी नव्हेच. पालघरला माझ्याआधी एक होती. तिचेही पहिली म्हणूनच सत्कार झाले, आणि मग तिने कंटाळून रिक्षा विकली. पहिली निघून जाते म्हणून पुन्हा पहिली येते, मावशी. दुसरी बाई अजून कोणी पाहिलेली नाही.

पण सत्कार करणाऱ्यांपैकी एकानेही मला स्टँडवर रांगेत उभं करून दिलं नाही, आणि मला हवी होती फक्त रांग. आमचा स्टँड कसा चालतो ते सांगते: रिक्षा एकामागे एक लागतात, पहिल्या नंबराची भरली की सुटते, मग दुसरी पुढे सरकते. त्या रांगेत नाव नसेल तर तुम्ही नुसतं रस्त्यावर फिरायचं आणि कोणी हात दाखवला तर देवाची कृपा. स्टँडचा अध्यक्ष विपुलशेठ. माणूस वाईट नाही, गोड बोलतो, हीच पंचाईत आहे. मी त्याच्याकडे गेले तर त्याने आधी खुर्ची मागवली, चहा मागवला.

"ताई, तू आमची भैन हायस," तो म्हणाला. "भैनीला आमी उनात रांगेत उभी करनार नाय."

"मग सावलीत उभी करा, पण रांगेत करा."

"तसा नाय. हितं पोरं शिव्या देतात, थुकतात, मारामाऱ्या होतात. ता सगला तुला आयकवायचा? आमाला आमची लाज हाय."

म्हणजे लाज त्यांची आणि घरी बसायचं मी. मी म्हटलं, शिव्या मला घरबसल्याही ऐकायला मिळतात, त्यासाठी स्टँडवर यावं लागत नाही. तो हसला, बाजूचेही हसले, आणि मग तो जरा पुढे झुकून, समजावणीच्या सुरात म्हणाला, "तुला परमिट आरक्षणात भेटला ना? मंग आता रांगेत पन आरक्षण?"

"आरक्षण नको. मागे उभी राहते, सगळ्यांच्या मागे."

"बघ," तो बाकीच्यांना म्हणाला, "ह्योच तो फेमिनिझम. एक दिला का दुसरा मागतात."

(तिथे मी चहा पिऊन टाकला. चांगला होता.)

तेव्हापासून मी स्टँडच्या पलीकडे, भेळवाल्याच्या गाडीमागे उभी राहते. तिथे गिऱ्हाईक येतं ते चुकून. एक आजीबाई पाय आत टाकता टाकता थांबल्या, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बाई चालवते? मग नको गो, माझे गुडघे दुखतात." गुडघ्यांचा आणि माझा संबंध मी अजून शोधतेय. कंपनीतला एक भैया बसला तो सुरुवातीला म्हणाला, "दीदी, धीरे चलाना," आणि अर्ध्या वाटेत, "दीदी, थोड़ा तेज़, ड्यूटी का टाइम हो गया." मी त्याला म्हटलं, एक काय ते ठरव. कडेवर मूल घेतलेल्या बायका मात्र माझ्याकडे बघून सुस्कारा टाकतात आणि बसल्या बसल्या पदर सैल करून पोराला पाजायला घेतात, तेव्हा वाटतं की चला, एवढ्यासाठी तरी. एकदा एक कॉलेजातला मुलगा आला. गळ्यात हेडफोन, हातात थंड पेयाची बाटली. त्याने मला आधी ऐकवलं की बायकांना आता एसटीत अर्धं तिकीट आहे, सरकार महिन्याला पैसे देतं, नोकरीत जागा आहेत, आता रिक्षाही, मग आम्ही जायचं कुठे? आणि मग विचारलं, "तुम्ही फेमिनिस्ट आहात का?" मी म्हटलं, नाही, मी पास्थळ, तिथल्याच सीटा भरतेय. बसायचं तर बस. तो बसला नाही.

एक भिकादादा म्हणून आहे, डोंगराकडच्या पाड्यावरचा वारली माणूस, दुसऱ्याची रिक्षा चालवतो. एका दुपारी त्याने मला खूण केली. "बाय, माजेपुढं लाव. मी मागं होतो." मी लावली, भरली, सुटले. परत आले तेव्हा विपुलशेठच्या पोरांनी भिकादादाला रांगेतून काढलं होतं, तो आठवडाभर बाहेरच राहिला. पुन्हा भेटला तेव्हा इकडेतिकडे बघून म्हणाला, "कुनाला सांगू नको बाय, पन तुजा बरोबर हाय." मी त्याच्यावर रागावले नाही, त्याला पोरंबाळं आहेत. पण मावशी, माझं बरोबर आहे असं मला आजवर पुष्कळांनी सांगितलंय, आणि सगळ्यांनी कानात.

मग फेब्रुवारीत कोणा साहेबाने विपुलशेठला विचारलं म्हणे, की महिला दिनाला तुमच्या स्टँडवर काय करता? झालं. मीटिंग भरली, ठराव झाला, एकमताने: आठ मार्चला दिवसभर पहिला नंबर ताईचा. म्हणजे मी भाडं सोडून परत आले की सगळ्यांनी मागे सरकायचं आणि मी पुन्हा पहिली. बॅनर लागला, "नारीशक्तीला पहिला नंबर", त्यावर विपुलशेठ केवढा मोठा आणि कोपऱ्यात मी, लायसनवर लावतात तेवढी. तू हसशील, पण मला आनंद झाला. खरंच झाला. एक दिवस तर एक दिवस. मी रिक्षा घासून धुतली, आरशाला झेंडूची माळ बांधली, खाकी कोटाला इस्त्री केली. सासूबाई म्हणाल्या, "कोनाचं लगीन हाय?" मी म्हटलं, माझं, रांगेशी.

आणि आदल्या संध्याकाळी वैष्णवीच्या कॉलेजातून उत्कर्षा मॅडमचा फोन. त्या तिथला महिलांचा विभाग सांभाळतात, मनाच्या चांगल्या आहेत. वादविवाद स्पर्धा ठेवली होती, विषय "स्त्रीवादाची आता गरज उरलेली नाही", आणि व्यासपीठावर एक कर्तबगार महिला हवी होती. मी म्हटलं, मॅडम, उद्या नाही जमायचं, उद्या माझा नंबर आहे. त्या म्हणाल्या, अर्धाच तास, सकाळी लवकर या, लगेच सोडतो. मी नाहीच म्हणत होते. तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, तुमची वैष्णवी बोलणार आहे. आई म्हणून तरी या." मला घरात कोणी हे सांगितलं नव्हतं. मी वैष्णवीकडे पाहिलं, ती पुस्तकात बघत होती. मी हो म्हटलं. मावशी, पोरगी माइकवर बोलणार आणि मी भेळवाल्याच्या मागे उभी राहणार, असं नाही ना होत.

सकाळी गेले. प्रमुख पाहुणे यायचे होते. ते दुसऱ्या एका महिला दिनाला गेले होते, तिथून तिसरा करून आमच्याकडे आले. तोवर मी व्यासपीठावर, मांडीवर नारळ. पाहुणे कसल्याशा कंपनीचे मालक. त्यांनी सांगितलं की स्त्री ही देवी आहे, आदिशक्ती आहे, ती मुळात वरच आहे, मग तिने समानता मागून खाली कशाला यायचं? फार टाळ्या पडल्या. त्यांच्याकडे पॅकिंगला असलेल्या बायकांना मी कधीकधी सोडते. दिवसभर उभ्याने डबे भरतात, रिक्षात बसल्या की आधी पाय चोळतात. देवीला खुर्ची देत नसावेत.

मग मुलं बोलली. दांडीची किंजल नावाची एक मुलगी होती, ती म्हणाली की गरज आहे, आमच्या गावात मासळीची टोपली डोक्यावर घ्यायला बाई आणि सभेत खुर्चीवर बसायला बाप्या. तिचा आवाज बारीक होता, बोलताना भरून आला, तेव्हा मागच्या रांगेतल्या पोरांनी खोटं खोटं नाक शिंकरलं. मुद्दा जुनाच होता म्हणा. जुना म्हणजे अजून न सुटलेला. आणि मग आमची वैष्णवी उठली, दुसऱ्या बाजूने.

काय आवाज लागला होता तिचा! सरळ उभी, हातात कागद नाही. "माझी आई रिक्षा चालवते," अशी सुरुवात केली आणि माझ्याकडे हात केला. सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. "तिला कोणी अडवलं? कोणीही नाही. माझ्या बाबांनी तिला परवानगी दिली. स्टँडवरच्या काकांनी आज तिला पहिला नंबर दिला. मग हा स्त्रीवाद नेमका भांडतो कोणाशी?" आणि शेवटी, "ज्यांना काम करायचं असतं त्या रिक्षा चालवतात. ज्यांना करायचं नसतं त्या स्त्रीवादी होतात." हॉल नुसता कोसळला. मीही टाळ्या वाजवल्या. माझे हात आधी वाजले आणि अर्थ मागून कळला. पहिलं बक्षीस तिलाच मिळालं, कप मालकांच्या हस्ते. (नंतर मी तिला विचारलं, तुला हे सगळं खरंच पटतं का? ती म्हणाली, "आई, त्या बाजूने बोलणाऱ्या मुली रडतात. या बाजूने मुलगी बोलली की लोकांना आवडते." पोरगी हुशार आहे. मला त्या हुशारीचीच भीती वाटली.)

आणि मग मॅडमनी माइक माझ्याकडे दिला, दोन शब्द बोला म्हणून.

मी म्हटलं, "मला भाषण येत नाय." (मावशी, माइकवर नायच निघालं तोंडातून.) टाळ्या. मी म्हटलं, "आज स्टँडवर माझा पहिला नंबर हाय. वर्षातनं एकदा. आनि सकाळपासून मी हितं बसलेय. मला आता सोडा." आणखी टाळ्या, मालक "वा, वा" म्हणाले. त्यांना वाटलं मी विनोदी बोलते. तेव्हा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मुलगी चांगली बोलली. पन तिच्या बाबांनी परवानगी दिली नाय. त्यांना रंग आवडला नाय." हॉलमध्ये असा हशा पिकला की पंख्यावरची कबुतरं उडाली. सगळे हसत होते, मावशी, फक्त वैष्णवी नाही. ती कप पोटाशी धरून उभी होती आणि तिचे कान लाल झाले होते. राग माझा विपुलशेठवर होता, त्या देवीवाल्यावर होता, आणि पडला तिच्यावर.

स्टँडवर पोचले तर बॅनर फडफडतोय आणि रांग नेहमीसारखी. विपुलशेठ म्हणाला, "ताई, आमी नंबर ठेवला होता. वाट बगून बगून थकलो. तूच नाय आलीस." मी म्हटलं, आता आलेय ना. तर म्हणाला, आता साहेब येऊन फोटो काढून गेले. फोटो कोणाचा काढला? विपुलशेठच्या वहिनीला बोलावून एका रिक्षात बसवलं. मागच्या सीटवर. तरी चाललं. तेवढ्यात रांगेतला एकजण मोठ्याने म्हणाला, "बगा, हक्क दिला तरी घेत नाय, आनि मंग बोंबा मारतात." मी भेळवाल्याच्या मागे जाऊन उभी राहिले. माळ तेवढी काढून टाकली.

पुढचं तू ओळखलंच असशील. कोणीतरी व्हिडिओ काढला होता, तो बोईसरभर फिरला, आणि आता नाक्यावर यांना बघितलं की पोरं म्हणतात, "काय कमलेशशेठ, रंग कुठला पायजे?" हे माझ्याशी बोलत नाहीत. सासूबाई बोलतात: "घरातला बोलना चारचौघांत नेलास, आमी जन्मात असा केला नाय." शेजारणी म्हणतात, एवढा मान दिला बाईला तरी हिचं तोंड वाकडं. म्हणजे बघ, सहा महिने मला स्टँडवर उभं केलं नाही तेव्हा कोणाला काही वाटलं नाही, पण मी टाळ्यांबद्दल आभार मानले नाहीत ते सगळ्यांना लागलं. वैष्णवीने कप टीव्हीवर ठेवलाय. माझ्याशी हो आणि नाही एवढंच बोलत होती. मी ताट वाढायचे, ती ताट उचलून ठेवायची.

असो. इकडचं हे असं. तू काळजी करू नकोस आणि गुडघ्यांना तेल लाव. काकांना नमस्कार, तुझ्या चिरागला आशीर्वाद, आणि त्याच्या लग्नाचं ठरलं की आधी कळव, कारण आमच्याकडे देण्यासारख्या शाली बऱ्याच आहेत.

तुझी भाची,
दीपाली

ता. क. मावशी, वरचं सगळं खरं आहे, पण ते सांगायला मी लिहायला बसले नव्हते. त्या व्हिडिओचे दोन तुकडे फिरतायत. एकात मी आहे आणि दुसऱ्यात वैष्णवी. तिचा तुकडा पालघरच्या एका घरी पोचला. त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, मुलगा दुकानात बसतो. त्यांचा निरोप आला की मुलीचे विचार फार आवडले, शिकलेली असून डोक्यात कसलं खूळ नाही, अशीच सून हवी होती. रविवारी बघायला येतायत. एकच अट: साखरपुड्याच्या आत मुलीच्या आईने रिक्षा बंद करावी, चांगलं दिसत नाही. यांनी दोन्हीला हो म्हटलंय. मुलीला विचारलं का, असं मी विचारलं, तर म्हणाले, तिची कशाला तक्रार असेल, ती तर स्टेजवर बोलली. काल सकाळी मी रिक्षा पुसत होते तेव्हा वैष्णवी खाली आली. पाणी ओतून दिलं, फडका पिळून दिला, आणि म्हणाली, "आई, मला परीक्षा द्यायची हाय." मी म्हटलं, बाबांना सांग. ती म्हणाली, "सांगितलं. ते म्हणाले, लग्नानंतर दे, ते लोक देतील परवानगी." आणि मग ती रडली, त्या किंजलसारखीच. हे पत्र तुझ्या हातात देणारी वैष्णवीच आहे. पिशवीत कपडे कमी आणि पुस्तकं जास्त आहेत. परीक्षा संपेपर्यंत तिला तुझ्याकडे ठेव. सफाळ्याहून गाडीने कॉलेजला येईल-जाईल. यांचा फोन येईलच. तुझ्यापुढे त्यांचा आवाज निघत नाही, म्हणून तुला सांगतेय.

ता. क. आणखी एक. ठेवावी की नाही असा विचार करत असशील, तर थोडं आठवून बघ. माझं स्थळ तूच आणलं होतंस. "मुलगा कंपनीत आहे, हो म्हण." तेव्हा मलाही वर्षाची परीक्षा द्यायची होती आणि तू म्हणालीस, लग्नानंतर दे. तुझ्या मनात वाईट नव्हतं. मी त्याबद्दल तुला आजवर एक शब्द बोलले नाही, आजही बोलत नाही, फक्त लिहितेय.

ता. क. वैष्णवी, तू हे पत्र पालघर यायच्या आत उघडलं असशील, मला माहीत आहे. वाचलंसच आहेस तर ऐक. त्या दिवशी तू फार छान बोललीस. मला त्यातलं एक वाक्यही पटलं नाही. रविवारच्या पाहुण्यांचं मी बघते. आजीच्या घरी लवकर उठ, आणि पोचलीस की मिस्ड कॉल दे.